हाक्यातला ढोल

मला कोणत्याही पार्टीनं काढलं नाही. जिथून निघालो तिथून मी स्वतः निघालो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या भागात आजही चार म्हातारे एकत्र बसले की माझ्याबद्दल वेगळंच बोलतात. हा माणूस कुठंच टिकला नाही, म्हणतात. दंडारीत टिकला नाही, बँडात टिकला नाही, नाटकात टिकला नाही, भजनात तर देवालाही नकोसा झाला. टिकायचं काय असतं त्यात? टिकते ती लोणच्याची बरणी. मी ढोल वाजवत होतो.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता, खाली सिरोंच्यापर्यंतचा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा. आम्ही ढिवर. जाळं, डोंगा आणि धानाच्या दोन बांध्या, यावर घर चालायचं. माझा बाप मासे धरायचाच, पण लोक त्याला लांबून शोधत यायचे ते डोंगा कोरून घ्यायला. अख्खं खोड आडवं टाकून तो वाकसानं पोखरत बसायचा. मधेच वाकस खाली ठेवायचा आणि बोटाच्या पेरानं लाकडावर टकटक करून ऐकायचा. आवाज जड आला तर तिथं अजून कोरायचं, हलका आला तर थांबायचं. जास्त कोरलं तर डोंगा फुटतो, कमी कोरलं तर पाण्यात बसतो. मी लहानपणी त्याच्या शेजारी बसून तेच ऐकत असे. पुढं कुणी विचारलं, तुझा गुरू कोण, तर मी सांगायचो, सागाचा ओंडका. लोकांना वाटायचं मी थट्टा करतोय.

पहिली पार्टी दंडारीची. दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, लेकीबाळी माहेरी येतात, आणि भर दुपारी चौकात दंडार उभी राहते. पुरुषच लुगडी नेसून बायका होतात, मधे गाणं, मधे सोंग, मधे एकमेकांची उणीदुणी. मला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून मी त्यात ढोलकीवर होतो. एका वर्षी पाटलाच्या भाच्याला राजा व्हायची हौस आली. त्याचे पाय म्हणजे खुंटे. सम कुठं आणि पाऊल कुठं. दंडारीचा म्होरक्या माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तू त्याच्या पायाच्या मागं मागं वाजव ना बाप्पा. पाटलाचा मानूस आये." मी म्हटलं, "पाय ढोलकीच्या मागं येतेत. ढोलकी कोनाच्या पायाच्या मागं नाई जात." आणि ढोलकी चौकातच ठेवून घरी आलो. राजा तसाच हात वर करून उभा राहिला. म्हणे पुष्कळ वेळ उभा होता.

गावानं मला नावं ठेवली.  त्या साली बापानं शिवणीचं एक खोड आणलं होतं, ते परसात पडून होतं. उन्हाळाभर डोंग्याचं काम झालं की तो त्या खोडाशी बसायचा. मला वाटलं, धान साठवायला काही करतोय. पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं ते अंगणात आणून ठेवलं तेव्हा दोन्ही बाजूंना कातडं चढलेला ढोल होता तो, आतून असा गुळगुळीत कोरलेला की हात फिरवला तर एक कुसळ लागत नव्हतं. "वाजवतेस त हा वाजव," एवढंच बोलला आणि जाळं घेऊन नदीवर गेला.

त्या ढोलाचा आवाज नदीपार जायचा. म्हणूनच नदीपलीकडच्या बाजाराच्या गावातला मास्तर मला शोधत आला. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. त्याचं शिंप्याचं दुकान होतं आणि लग्नाचा बँड होता, त्यामुळं दोन्हीकडून तो मास्तरच. त्याला स्वतःला एकही वाद्य यायचं नाही. तो छडी घेऊन पुढं चालायचा आणि मिशीला पीळ द्यायचा. पण कोट मात्र असे शिवायचा की वा! लाल बनातीचे, पितळी गुंड्यांचे. वैशाखाच्या उन्हात ते घालून चार कोस चाललं की माणूस आतून शिजायचा, पण बाहेरून सरदार दिसायचा.

बँडातलं माझं काम बाहेरच्याला कळत नसे. लोकांचं लक्ष पुढच्या क्लॅरिनेटवाल्याकडं. तो खरंच गुणी माणूस होता, सूर लागला की डोळे मिटून घ्यायचा, मग पुढं खड्डा आहे की गाय हे त्याला दिसायचं नाही. बाकीचेही त्याच्यासारखे डोळे मिटायचे. उघड्या डोळ्यांचा मी एकटा, सगळ्यात मागं. माझ्या टिपरीवर त्यांचे पाय पडायचे. गल्ली अरुंद झाली की मी थाप दाबायचो, ते आपोआप सरकून जवळ यायचे. मांडव जवळ आला की मी एक लांब तोडा द्यायचो. तो ऐकला की सगळे गोल फिरून घेर धरायचे, तोंडं आत, पाठी बाहेर, आणि मग खरी रंगत. कुणाला सांगावं लागत नसे. हातापायांनाच ते माहीत होतं. मास्तरला वाटायचं, ते त्याच्या छडीनं होतं.

आता हाक्याचं सांगतो. याच्यावरूनच मला बदनाम केलं, म्हणून नीट सांगतो.

लग्नसराई संपत आली होती. सिंदेवाहीकडच्या जंगलात एका लाकडाच्या ठेकेदारानं नागपूरकडचा बडा पाहुणा आणला होता, वाघाच्या शिकारीला. तेव्हा परवाना काढून शिकार चालायची. पाहुणा मचाणावर बसतो, आणि आजूबाजूच्या गावची माणसं ओळीनं जंगलात शिरून डबे, ढोल, आरडाओरडा करत जनावराला त्याच्यासमोर आणतात. हाच हाका. मास्तरच्या कानावर आलं की या पाहुण्याच्या मुलीचं लग्न पुढच्या साली नागपुरात व्हायचंय. झालं. मास्तर ठेकेदाराकडं गेला आणि म्हणाला, गावठी डबे कशाला, माझा अख्खा बँड आणतो. एका कामात दोन कामं. वाघही निघेल आणि पाहुण्यांना बँडही दिसेल.

आम्हाला लाल कोट घालूनच नेलं. हाक्याचा पुढारी जवळच्या गावचा एक म्हातारा गोंड होता. त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ठेकेदाराला विचारलं, "हा बाजा कायले? वाघाचं लगन आये का?" हाकारे पोट धरून हसले. मास्तर हसला नाही.

मग म्हाताऱ्यानं आम्हाला समजावलं. गाणं नको. ताल नको. हाकेच्या अंतरावर एकेका माणसानं राहायचं, ओळ तुटू द्यायची नाही, आणि आपापला वेडावाकडा आवाज करत नाल्याकडं सरकायचं. दोन्ही बाजूंच्या झाडांवर एकेक माणूस बसवलेला होता. वाघ बाजूला वळला तर त्यानं खोडावर टकटक करून त्याला परत वळवायचं. एवढं सोपं काम. मास्तर म्हणाला, "समजलं का रे? बेताल वाजवायचं." आम्ही माना हलवल्या.

आयुष्यात कधी बेताल वाजवून पाहिलंय का तुम्ही? ज्याला वाजवता येत नाही त्याला ते जमतं. ज्याचा हात बसलाय त्यानं करून दाखवावं. पहिल्यांदा मी कसाबसा धडधड करत गेलो. थोडं चाललो आणि माझ्या पायाखालचा पाचोळा वाजायला लागला, चर चर, चर चर. पाय पडतो तो सारख्या अंतरानंच पडतो ना? टिपरी पायाला येऊन मिळाली. मी ती मोडायचा प्रयत्न केला, तर मोडलेलीही पुन्हा मोजूनच मोडायला लागली. उजवीकडून झांजवाल्यानं ऐकलं, तो हळूच त्यात आला. बिगुलवाला आला. क्लॅरिनेटवाला आधी नुसता किंचाळत होता, बिचारा खरंच प्रयत्न करत होता, पण ढोल कानावर आला आणि त्याचे डोळे मिटले.

नाल्याच्या अलीकडं मोहाची मोठी झाडं होती, खाली सावली. सावली बघून हाताला काय वाटलं कोण जाणे. मांडव वाटला असेल. मी लांब तोडा दिला.

सगळे वळले आणि घेर धरला. भर जंगलात, मोहाखाली, लाल कोट घातलेली माणसं तोंडं आत करून, डोळे मिटून, नवरीला निरोप द्यायची चाल वाजवत उभी. आमच्या बाजूची सगळी ओळ मोकळी पडली. झाडावरचा माणूस वाघ बघून जीव खाऊन खोडावर टकटक करत होता, आणि आम्हाला वाटलं कुणीतरी साथीला आलंय. त्याची टकटकही तालात बसली होती. वाघ त्याच्या झाडाखालून गेला. तो माणूस पुढं सगळ्यांना सांगायचा, वाघ पळाला नाही, पंगतीतून उठलेल्या पाहुण्यासारखा सावकाश चालत गेला.

आजकाल कुणी हे ऐकलं की मला म्हणतं, वा, तुम्ही वाघ वाचवलात. खोटं कशाला बोलू? वाघाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मी तोडा दिला, कारण तोडा द्यायची जागा आली होती. चांगला दिला. इतका स्वच्छ तोडा मी त्याआधी कधी दिला नव्हता, आणि ऐकायला कोण, तर तेंदूची पानं.

पाहुणा मचाणावरून उतरला, एक शब्द बोलला नाही, चहा प्यायला आणि मोटारीत जाऊन बसला. त्याच्या गप्प बसण्यानंच मास्तर काळवंडला. नागपूरचं लग्न त्याच्या डोळ्यांदेखत मोटारीत बसून चाललं होतं. त्याला कुणीतरी गुन्हेगार पाहिजे होता आणि मी सोयीचा होतो. सगळ्यांसमोर माझ्याकडं छडी दाखवून म्हणाला, "यानं केलं. यानं घेर धराले लावला. चाल, पाहुण्यायच्या पाया पड न माफी माग."

मी म्हटलं, "कायची माफी?"

"वाघ गेला ना!"

"वाघ आपल्या पायानं गेला. मी चूक वाजवलं असन त माफी मांगतो. सांगा, कुठी चुकलो?"

तो काय सांगणार? त्याला समजत असतं तर सांगितलं असतं. मी तिथंच कोट काढला, घडी करून त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "बेताल वाजवनारा पाह्यजे व्हता त मले कायले आणलं? गावात भरपूर आयेत." आता मी ढोल उचलणार तर त्यानं पट्टा धरला. ठेकेदाराची माणसं त्याच्या बाजूला उभी राहिली. "हा माह्यापाशीच राहीन," तो म्हणाला. "माफी मांगशीन त्या दिवशी नेजो." माझ्यासमोर ढोल ठेकेदाराच्या ट्रकमध्ये चढवला. मी बनियनवर घरी चालत आलो. सगळी वाट मनात एकच होतं: मरेन, पण या माणसापुढं हात जोडणार नाही.

बापानं विचारलं, "ढोल कुठी आये?"

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "माफी नाई मांगत मनतेस?"

"नाई."

"बरं," म्हणाला आणि उठून गेला. तो माझ्या बाजूचा आहे असं मी धरून चाललो.

माय मात्र तशी नव्हती. ती दर बाजारी मासोळी घेऊन नदीपार जायची, मास्तरच्या दुकानासमोरच तिची बसायची जागा. परत आली की सांगायची, "तुहा ढोल त्यानं दुकानात आडवा टाकून टेबलासारका केला. त्याच्यावर कैची ठेवते, सुतगुंडी ठेवते, चहाचा कप ठेवते. सारा बाजार पाह्यते. काय जाते रे तुह्यं दोन हात जोडाले?" क्लॅरिनेटवालाही एकदा येऊन गेला. तोही तेच म्हणाला, "भाऊ, मास्तरले लोकाइत तोंड दाखवाले पाह्यजे, बाकी काई नाई. एक डाव म्हनून टाक ना." मी त्याला म्हटलं, तोंड त्याचं त्यानं सांभाळावं, माझं मी सांभाळतो. रात्री मात्र झोप लागत नसे. आपल्या ढोलावर कुणी कप ठेवतंय हे डोळ्यांसमोर यायचं आणि अंगाचा नुसता संताप व्हायचा.

हिवाळ्यात मी एका नाटक मंडळीबरोबर निघून गेलो. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की शंकरपट भरतात, बैलांच्या शर्यती, आणि पट ज्या गावात तिथं नाटक ठरलेलं. त्यांच्याकडं एक जुना ढोल होता, भोपळ्यासारखा वाजायचा. पार सिरोंच्यापर्यंत फिरलो. तिकडं अर्धे प्रेक्षक तेलुगू बोलणारे, त्यांना आमचं नाटक किती समजत होतं देव जाणे, पण ढोल समजत होता. ती मंडळी मी सोडली, कारण तिथला नायक प्रत्येक वाक्यानंतर मला ढोल मारायला सांगायचा, म्हणजे लोक टाळ्या देतील. मी म्हटलं, वाक्य चांगलं असेल तर लोक ऐकतील, आणि वाईट असेल तर ढोल ते किती झाकणार? त्याला राग आला. शिमग्याच्या सुमाराला मी घरी परतलो.

घरात शिरलो तर बाजेवर माझा ढोल.

मी त्याला लहान मुलासारखं उचललं. सगळीकडून हात फिरवला. वाद्या नव्या घातल्या होत्या, कातडं नीट ताणलं होतं. खोडावर एका बाजूला मात्र तळहाताएवढा काळा डाग होता, टोकदार, जळाल्यासारखा. मी विचारलं, हा कसा आला? माय चुलीकडं तोंड करून म्हणाली, "बाले विचार." बाप नदीवर होता. मला वाटलं, मास्तर शेवटी नरमला. छाती अशी फुगली की काय सांगू. तसाच क्लॅरिनेटवाल्याच्या गावी गेलो, त्याला म्हटलं, पाहिलंस? नाक मुठीत धरून दिला की नाही त्यानं?

तो खाली बघायला लागला.  तुहा बा आल्ता, म्हणाला. भर बाजारात. डोक्याचं पागोटं काढलं आणि मास्तरच्या पायावर ठेवलं.

माझा बाप! ज्यानं पाटलापुढं कधी पागोटं काढलं नाही, पुरात डोंगा उलटला तरी ज्याचं पागोटं डोक्यावरच होतं, तो माझ्यासाठी एका शिंप्याच्या पायाशी वाकला. माझ्या हट्टापायी. मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. घरी जाऊन बापाशी एक शब्द बोललो नाही. त्याला विचारायचं काय होतं? सारा बाजार साक्षीला होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच ढोल गळ्यात घालून मी नदीपार झालो. दुकानासमोर धानाचं तणीस पेटवून दोन्ही बाजूंची कातडी शेकली. मास्तर आतून बघत होता. मी पायरीशी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मास्तर, हा ढोल घ्या. मले नाई पाह्यजे. माह्या बाची माफी वापस द्या."

"पागल झाला का बे? माफी कशी वापस देतेत?"

"ते तुमी पाहा. पागोटं जसं पायावर घेतलं तसं आमच्या घरी येऊन त्याच्या डोक्यावर ठेवा. तवरी मी इथून हालत नाई."

आणि वाजवायला सुरुवात केली. गाणं नाही, बिणं नाही. एकच ठोका, सरळ, जड, त्याच्या दारात. दुकानातला माणूस समोरच्याला माप सांगू शकेना. मशीनवरचा कारागीर पाय थांबवून बसला, कारण पायडल माझ्या ठोक्यात पडायला लागलं होतं आणि शिवण वाकडी जात होती. बाजार गोळा झाला. मिरच्यावाल्या, बांगड्यावाले, बैल घेऊन आलेले. मास्तरनं दार लोटलं, मी वाजवत राहिलो. मास्तरनं दार उघडलं, मी वाजवत राहिलो. त्यानं एका शिपायाला बोलावून आणलं. शिपायानं विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, बाजारात ढोल वाजवायला बंदी आहे का? तो म्हणाला, नाही. आणि तोही उभा राहून ऐकायला लागला. ऊन डोक्यावर आलं. हाताला फोड आले, फुटले. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला वाटत होतं, मी माझ्या बापाची पाठ सरळ करतोय.

मायनं नदीपार निरोप धाडला असावा. गर्दीतून वाट काढत बाप आला, ओला, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पागोटं.

"बंद कर," म्हणाला.

मी थांबलो. एकदम इतकी शांतता झाली की बैलाच्या गळ्यातली घाटी ऐकू आली.

"काय करून राह्यला तू इथी?"

मी सांगितलं.  "तुमी माह्यासाठी याच्या पाया पडले, बा. मी हे कसं पाहू?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काही वेगळ्याच मुलखाची भाषा बोलत होतो.

"तुह्यासाठी? कोनं सांगतलं? तू माफी नाई मांगत म्हनलास, मी बरं म्हनलं. तुही माफी अजून तुह्यापाशीच आये, कोनी घेतली नाई. मी माह्या कामासाठी आल्तो." त्यानं ढोलावरच्या काळ्या डागावर अंगठा ठेवला. "एक दिवस बाजारात आलो त हा याच्यावर गरम इस्त्री ठेवून राह्यला व्हता. लाकूड मी निवडलं. उन्हाराभर मी कोरलं. ते जरत होतं न मी पाहात होतो. पागोटं ठेवलं न माहं काम सोडवून नेलं. पागोट्याचं काय, झटकलं का पुन्हा डोक्यावर. वाजवनं तुह्यं आये. ढोल माहा आये."

मास्तर दारात येऊन उभा होता. बाप त्याच्याकडं वळला. आवाज चढवला नाही. "आता याच्यावर काई ठेवू नोका," एवढंच म्हणाला.

मग तो दुकानाच्या पायरीवर बसला, मधोमध, चिखलाच्या पायांनी. मला म्हणाला, "वाजव."

"बा, हात फुटला."

"मंग? इतक्या वेळ कोनासाठी फोडून राह्यला व्हता? आता नीट वाजव. मी कधी बसून आयकलं नाई."

मी वाजवलं. तो नुसता ठोका नाही. दंडारीचं वाजवलं, वरातीचं वाजवलं, आणि शेवटी तो लांब तोडा. गर्दीत क्लॅरिनेटवाला होता, त्याचे डोळे मिटलेले मला दिसले. बाप मान खाली घालून ऐकत होता, डोंग्याचं लाकूड ऐकायचा तसा, आणि त्याच्या बोटाचं पेर गुडघ्यावर हलत होतं.

मास्तरला कळेना, आपल्याच दारात आपण कुठं उभं राहायचं. लोक आपल्याकडं बघतायत हे त्याला दिसत होतं. शेवटी त्यानं हसरं तोंड केलं, जणू त्यानंच आम्हाला वाजवायला बोलावलंय, आणि पायरी उतरून बापाशेजारी आला.

"सरका भाऊ जरासे," म्हणाला, "मीबी बसतो."

बाप सरकला नाही.